अंत्रुजातील अग्रशाळा आणि बरकतपुऱ्याचे अंगण

वनश्री पाहावयास, पक्ष्यांचे कूजन ऐकावयास निघालेल्या प्रवाशासाठी, भोवतीच्या झाडापाण्यास उपद्रव न देणारे निवासगृह कसे बांधावे, हा प्रश्न आज पुष्कळ ठिकाणी विचारला जातो. हैदराबादेत बरकतपुरा, काचीगुडा या भागांतील अंगणांची जुनी घरे जाऊन तेथे बहुमजली इमारती उभ्या राहत असताना आम्हांसही हा प्रश्न दूरचा वाटत नाही. त्याचे उत्तर परदेशी नकाशांत शोधण्यापूर्वी, गोमंतकात कुलदेवांच्या दारी आपल्याच पूर्वजांनी उभारलेल्या अग्रशाळांकडे एकवार पाहावे, असे आमचे मत आहे. आमच्यापैकी अनेकांनी तेथे रात्री काढल्या आहेत. मात्र त्या वास्तूचा वास्तू म्हणून विचार क्वचितच होतो.

अग्रशाळेचा इतिहास देवांच्या स्थलांतराशी निगडित आहे. १५६० साली, पोर्तुगीज अमलाच्या धाकाने, कुशस्थळीचे मंगेशलिंग जुवारी नदी ओलांडून प्रियोळास नेण्यात आले. अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीकडे होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. बांदिवड्याचा नागेश तेवढा मूळचा तेथलाच. त्याच्या स्थानी १४१३ सालचा शिलालेख आहे. देवांबरोबर माणसेही पांगली. कारवार, मंगळूर, कोची अशा दूरदूरच्या गावी गेलेल्या महाजनांचा कुलदेव आता ज्या गावात होता, त्या गावात त्यांचे स्वतःचे घर नव्हते. जत्रेला किंवा नवस फेडावयास आलेल्या कुटुंबाने उतरावे कोठे? पुढे मराठी राज्याच्या काळात या देवस्थानांस आधार मिळाला. शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने १७३८ च्या सुमारास कवळ्याचे देऊळ उभे राहिले. १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानास मिळाला, त्यामागे रामचंद्र मल्हार सुखटणकर यांचा आग्रह होता. देवालयाभोवती राहण्याच्या ओळी वाढत गेल्या, त्या या गरजेतून. स्वतः परक्या मुलखात आश्रयास आलेल्या देवाच्या अंगणात भक्तांनाही आश्रय मिळाला.

आता रचना पाहू. देवळाच्या प्रांगणाला कड घालून लांबच लांब एकमजली किंवा दुमजली ओळ, पुढे सलग पडवी, तिच्यावर खाली झुकलेले कौलारू छप्पर. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा ठिकाणी छपराची उतरण आणि पुढे आलेली वळचण हीच भिंतीची खरी राखण. भिंती जांभ्याच्या. हा दगड खाणीतून निघताना इतका मऊ असतो की हत्याराने सहज चिरे पाडता येतात. वारा लागला की तो कठीण होत जातो. बुकॅननने १८०७ साली मलबारातील अशाच दगडास विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट हे नाव दिले, ते शास्त्रात रूढ झाले. जाड जांभ्याची भिंत दुपारचे ऊन आत पोहोचू देत नाही. वर पूर्वी नळीची कौले असत. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यावर चपटी मंगळुरी कौले किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. पंख्यावाचून झोप लागत असे, त्याचे श्रेय या फटींना आहे.

पण आमच्या मते खरे चातुर्य पाण्यात आहे. देवळाची तळी केवळ स्नानासाठी नव्हे. डोंगराच्या कुशीतील झऱ्याचे पाणी तिच्यात येते आणि अनेक ठिकाणी वरचे पाणी पाटाने खालच्या कुळागरात उतरते. कुळागर म्हणजे सुपारी, माड, केळ आणि त्यांवर चढलेली मिरवेल, असे एकाखाली एक सावलीचे मजले. यात्रेकरूच्या पंक्तीला केळीचे पान तेथूनच येई आणि जेवणानंतर मातीत किंवा गाईच्या मुखात जाई. म्हार्दोळची जाईची फुले देवीच्या पूजेला भोवतीच्या मळ्यांतूनच येतात. पाहुण्याची गरज आणि गावची उपज यांत हाकेचे अंतर होते.

या चित्राला काळी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. अग्रशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. महाजन कोण आणि परका कोण, याची चौकशी उंबरठ्यावरच होई. अंगण झाडणारे, पाणी भरणारे, दिवटी धरणारे सेवेकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला बांधलेले होते. त्यांच्या श्रमाशिवाय ही सुंदर व्यवस्था एक दिवस चालली नसती. आजच्या निवासगृहाने जांभा आणि पाट घ्यावा. ही चौकशी घेऊ नये.

अलीकडच्या काळात कौलारू ओळींच्या जागी सपाट छताच्या सिमेंटच्या खोल्या आल्या आहेत. वृद्धांना लगतचे स्नानगृह हवे असते, आणि ही मागणी रास्त आहे. मात्र त्यासाठी पडवीच काढून टाकावी, छत तापू द्यावे आणि मग ते थंड करण्यासाठी यंत्र बसवावे, हा व्यवहार आम्हांस कळत नाही. जाड भिंतीच्या आत नळ नेता येत नाही असे थोडेच आहे!

बरकतपुऱ्यात कोणी अतिथिगृह बांधू म्हणेल तर त्याने जांभा आणवू नये. ती नक्कल होईल. येथे पाऊस गोव्याच्या जवळजवळ चौथाई, ऊन मात्र कडक. येथला दगड ग्रॅनाइट, फरशी तांडूरची किंवा शहाबादची, आणि सावली कडुनिंबाची. परंपराही येथे आहे: आगगाडीच्या प्रवाशांसाठी सातव्या निजामाने नामपल्ली स्थानकाजवळ १९१९ साली सराई बांधविली, आणि तीतही खोल्यांच्या ओळी मोकळ्या चौकाभोवतीच मांडल्या गेल्या. पाण्याचे म्हणाल, तर सिकंदराबादची बन्सीलालपेठची बारव कित्येक वर्षे कचऱ्याने बुजली होती. गाळ उपसल्यावर तीत पुन्हा झरे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेव्हा बांधणाऱ्याने पहिली कुदळ पायासाठी मारण्याआधी आवारातील जुनी विहीर कोठे बुजविली आहे, ते शेजारच्या वृद्धांना विचारून घ्यावे. ती सापडली, तर चौक तिच्याभोवती आखता येईल आणि गच्चीवरचे पाणी तिच्यात सोडता येईल.