मीडिया कळा

मीडिया कळा म्हणजे संगणकाच्या कळफलकावरील, ध्वनी व चित्रफितींचे वादन नियंत्रित करणाऱ्या विशेष कळा होत. वादन सुरू करणे किंवा थांबवणे, पुढील वा मागील गीतावर जाणे आणि आवाज कमी-अधिक करणे ही कामे त्यांद्वारे होतात. पडद्यावर दुसरा प्रोग्रॅम उघडा असतानाही पार्श्वभूमीवर चालू असलेल्या मीडिया प्लेअरचे नियंत्रण करता येणे, हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

कार्यपद्धती

अक्षराची कळ दाबल्यास तिचा संकेत त्या वेळी सक्रिय असलेल्या खिडकीकडे जातो. मीडिया कळांनाही हाच नियम लावल्यास लेखन करताना गाणे थांबवता येणार नाही. म्हणून त्यांचा संकेत सामान्यतः ऑपरेटिंग सिस्टिम स्वीकारते व योग्य प्लेअरकडे पोहोचवते. यूएसबी कळफलकांच्या मानकात या कळांसाठी स्वतंत्र संकेतगट आहे. त्यात 'सुरू/थांबा' या कळेचा दशमान क्रमांक २०५, पुढील गीताचा १८१ व मागील गीताचा १८२ आहे. कळ स्वतः काही वाजवत नाही. ती केवळ क्रमांक पाठवते.

विविध प्रणालींतील व्यवस्था

पूर्वी प्लेअर स्वतःच कळ राखून ठेवत असे. एका प्रोग्रॅमने कळ राखल्यावर दुसऱ्याला ती मिळत नसे. आधुनिक प्रणालींत प्लेअर आपली नोंद प्रणालीकडे करतो. अशी व्यवस्था विंडोजमध्ये 'विंडोज ८'पासून (२०१२), तर अँड्रॉइडमध्ये ५.० या आवृत्तीपासून (२०१४) आहे. लिनक्सवर 'एमप्रिस' हे मानक प्रचलित आहे. प्रोग्रॅमांमधील संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या 'डी-बस' या यंत्रणेमार्फत डेस्कटॉप त्यानुसार प्लेअरला आज्ञा देतो. ब्लूटूथ हेडफोनवरील बटणांच्या आज्ञा 'एव्हीआरसीपी' या मानकानुसार पाठवल्या जातात.

मर्यादा व उपाय

क्रोमच्या ७३व्या (२०१९) व फायरफॉक्सच्या ८१व्या (२०२०) आवृत्तीपासून ब्राउझरही या कळांना प्रतिसाद देऊ लागले. त्यामुळे संगीताऐवजी एखाद्या संकेतस्थळावरील चित्रफीत सुरू होण्याचा प्रकार घडू शकतो. ब्राउझरमधील ही सोय बंद करणे हा त्यावरील एक उपाय आहे. लिनक्सवरील 'प्लेअरसीटीएल'चा पूरक प्रोग्रॅम सर्वांत अलीकडे सक्रिय असलेल्या प्लेअरला आज्ञा देतो. 'व्हीएलसी'मध्ये एमप्रिसची सोय अंगभूत आहे, तर 'एमपीव्ही'साठी पूरक प्रोग्रॅम जोडता येतो. अनेक लॅपटॉपांवर या कळा एफ-कळांवरच असल्याने 'एफएन' कळ सोबत दाबावी लागते.

उपयोग

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना या कळा विशेष उपयुक्त ठरतात. पार्श्वभूमीवरील संगीतामुळे वाचनाचा आवाज ऐकू येत नसल्यास, चालू काम न सोडता ते एका कळेने थांबवता येते.