स्लॅबवरचं पत्र्याचं शेड

मागच्या सुट्टीत आजीला घेऊन आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. सिमेंटचा चौकोनी डबा, वर सपाट स्लॅब. स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याचं शेड. पायऱ्या उंच, धरायला कठडा नाही, आत बसायला जागा नाही. आजी म्हणाली, "तू जा आत, मी पारावर बसते." समोर लिंबाच्या पारावर आधीच आठ-दहा जण बसलेले होते.

मी सॉफ्टवेअरवाला, आर्किटेक्ट नाही. पण हा डबा आला कुठून, हे शोधत बसलो आणि थेट चित्रकारांपाशी पोचलो.

1914 साली ल कॉर्बुझिएनं एक साधा आराखडा मांडला: काँक्रीटचे सपाट स्लॅब, खाली बारीक खांब, वर जायला जिना. वजन खांबांवर, त्यामुळे भिंती मोकळ्या. आज सायखेड्यात बांधकाम चालू असलेलं कुठलंही घर बघा, तोच सांगाडा दिसेल. हा माणूस चित्रकारही होता. 1918 मध्ये ओझांफाँ या चित्रकारासोबत त्यानं क्यूबिझमच्या पुढचं पाऊल म्हणून 'प्युरिझम' मांडला. सपाट छप्पर त्याला हवं होतं ते वर बाग करता यावी म्हणून.

1919 मध्ये जर्मनीतल्या वायमारला ग्रोपिअसनं बाउहाउस ही शाळा काढली. तिथे क्ली आणि कँडिन्स्कीसारखे चित्रकार शिकवायचे. विद्यार्थी आधी रंग, आकार, लाकूड, धातू हाताळायचे. 1922 च्या डिसेंबरात या शाळेतली चित्रं कलकत्त्याला आली आणि गगनेंद्रनाथ टागोरांच्या चित्रांसोबत एकाच प्रदर्शनात लागली. म्हणजे हे वारं आपल्याकडे सिमेंटच्या आधी चित्रांतून आलं.

स्वातंत्र्यानंतर कॉर्बुझिए चंडीगडला आला. तिथल्या विधानसभेच्या भल्यामोठ्या दारावरचं चित्र त्याचंच. उन्हासाठी त्यानं भिंतीबाहेर खोल काँक्रीटच्या झडपा काढल्या. देशभर पसरताना मात्र डबा तेवढा पसरला. बाग, झडपा, चित्र सगळं गळालं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी झाला, पण तो तसा का लिहिला होता हे कुणी वाचलंच नाही.

सगळ्यांनीच असं केलं नाही. पुण्यातलं आयुका बघा. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. भिंतींना काळा दगड, म्हणजे आपल्या मातीतलाच रंग. मधोमध कुंड. मंदिरापुढच्या कुंडासारख्या पायऱ्या, वर उघडं आकाश. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या अंगणाला छप्पर कशाला?

पणजीची कला अकादमीही कोरियांचीच. मांडवीच्या काठावर, लांबलचक सावली देणारी इमारत. तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी माणसं रंगवली. 2023 च्या जुलैत नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. उत्तम इमारतही सांभाळली नाही तर टिकत नाही, हेही या इतिहासातच येतं.

"गावाला कशाला पाहिजे कोरिया, निधी किती येतो!" हे मी घरीच ऐकलंय. निधीचं खरं आहे. पण कठडा, ओटा, रुंद छज्जा यांना किती खर्च येतो? एकदा स्लॅब आणि मग त्यावर पत्रे, हा तर दुप्पट खर्च. आणि आमचं गाव गोदावरीकाठचं. 2016 च्या ऑगस्टात सायखेडा आणि चांदोरीत पुराचं पाणी शिरलं होतं. चांदोरीची नदीपात्रातली जुनी दगडी मंदिरं दर पावसाळ्यात बुडतात आणि पाणी उतरलं की पुन्हा दिसतात. ती बांधणाऱ्यांनी नदी धरूनच बांधली. आपण कार्यालय बांधताना नदीही विचारात घेत नाही आणि आजीही.

काम तासाभरानं झालं. बाहेर आलो तर आजी पारावर कुणाशी तरी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होती. सावली होती, टेकायला बुंधा होता, पाय ठेवायला पायरी होती. सरकारी कामाला आलेली सगळी माणसं तिथेच बसली होती. त्या गावातली खरी सार्वजनिक इमारत मला तीच वाटली.