नळदुर्गचे पाहुणे

लोहाऱ्याकडची मंडळी सोलापूरला निघाली, की हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर त्यांना नळदुर्ग लागते. पावसाळा चांगला झाला आणि बोरी नदी भरून वाहू लागली, म्हणजे इथे माणसांची रीघ लागते. नर आणि मादी ह्या नावांचे दोन धबधबे पाहावेत, पाण्याचे तुषार अंगावर घ्यावेत, कणीस खावे आणि घरची वाट धरावी, असा बहुतेकांचा क्रम. वाचकहो, तुम्हीही कदाचित असेच येऊन गेला असाल. मग एक विचारू का? नळदुर्ग तुम्हाला कोणी सांगितले काय?

हे धबधबे निसर्गाने केलेले नाहीत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत बोरीला दगडी बांध घालून तिचे पाणी किल्ल्यात खेळवले. त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. तिथला शिलालेख हिजरी १०२२ चा, म्हणजे इसवी सन १६१३ चा. डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आत बसलेला माणूस कोरडाच राहतो! हे ज्याला समजले, तो पाणी पाहून थांबत नाही. बांधणाऱ्याची अक्कल पाहू लागतो.

ह्या गावाने तऱ्हेतऱ्हेचे पाहुणे पाहिले. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा कारभार पाहण्यासाठी मेडोज टेलर इथे आला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ सालीच गाजली होती. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गविषयी आस्थेने लिहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापूरकडून भारतीय सैन्य आले, ते याच वाटेने. निजामाची राजवट संपण्याची सुरुवात मराठवाड्याच्या ह्या वेशीवर झाली.

पण पाहुणचाराचा खरा धडा किल्ल्यात नाही, खंडोबाच्या देवळात आहे. नळदुर्गशेजारी मैलारपूर आणि थोड्या अंतरावर अणदूर. देऊळ दोन्हीकडे, देव मात्र एकच! वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने मैलारपूरला. पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपूरलाच भरते. देव हलवायची वेळ आली, की दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसतात, लेखी करार होतो आणि मगच देव वाजतगाजत पालखीतून निघतो. पाहुणा प्रत्यक्ष देव असला, तरी कोण कोणाच्या स्वाधीन काय करतो आणि किती दिवसांसाठी, हे कागदावर येते. आपल्याकडे पाहुणचार हा नुसता उमाळा नव्हता. ती गावाने अंगावर घेतलेली जबाबदारी होती.

लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची गोष्टही इथे सांगितली पाहिजे. तिथे ना धबधबा, ना किल्ला. १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि आडबाजूच्या ह्या खेड्याकडे लांबलांबची माणसे वळली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले. हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते अंबेजोगाईस गेले आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते ठरले. माणसे पाहायला दगडांचीच नवलाई लागते असे नाही. गावात विद्येचे काही चाललेले असले, की तेही माणूस खेचून आणते, आणि असा पाहुणा वर्षानुवर्षे राहतो.

आज नळदुर्गला महाविद्यालय आहे, अणदूरलाही आहे. शेकडो मुलेमुली रोज किल्ल्याच्या सावलीतून जातात-येतात. ह्यांतल्या दहाजणांनी जरी शिलालेखाचे साल, बांधाची रचना आणि खंडोबाचा करार नीट समजून घेतला, तरी आलेल्या माणसाला वाटाड्या मिळेल. मुलाच्या हातात चार पैसे येतील. पाहुणा दोन तासांऐवजी दिवसभर रेंगाळला, तर चहावाल्याचे, खानावळवाल्याचे आणि भाजीवालीचेही भले होईल. शिवाय ज्याला बुरुजाची कथा ठाऊक झाली, तो त्या बुरुजावर कोळशाने आपले नाव लिहायला जरा कचरेल.

हे झाले नाही तर काय होईल? गर्दी येतच राहील. पण ती पाण्यापुरती येईल, आणि ज्या वर्षी पाऊस दडी मारील त्या वर्षी कोणी फिरकणार नाही. आपल्या भागात असे पाऊस दडी मारण्याचे साल काही विरळा नसते. पाण्याच्या भरवशावर गावाने किती राहावे? बांध, करार आणि शाळा यांची हकीकत मात्र कोरड्या सालीही सांगता येते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेस नळदुर्गला जाल, तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला थांबवून पाणीमहालाची माहिती विचारा. त्याला सांगता आली, तर मन लावून ऐका. सांगता आली नाही, तर रागावू नका. त्याला घेऊन पाणीमहालापर्यंत चला आणि दोघे मिळून तो शिलालेख पाहा.