सारखं पुस्तक, वेगळी सुरुवात

पाचवीत इंग्रजीचं पहिलं पुस्तक हाती आलं, ते आठवतंय? काहींच्या घरी शिकवायला मोठी भावंडं होती, काहींच्या घरी कोणीच नव्हतं. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. दहावीला आपल्यातले काही जण फक्त इंग्रजीत राहिले. 'अभ्यास केला नाही,' असं आपण म्हणून मोकळे झालो.

पुढे कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत होते. लेकीला शाळेत घालताना फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? 'मराठी' लिहिताच तिची इंग्रजीची चाचणी ठरली. मला रागच आला. मग त्यामागचा इतिहास वाचला.

1971 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी 2,800 हून अधिक चिनी मुलं होती. त्यांतल्या सुमारे 1,800 जणांना इंग्रजी शिकण्यासाठी कसलीही वेगळी मदत नव्हती. पालक कोर्टात गेले आणि खालच्या दोन्ही कोर्टांत हरले. 21 जानेवारी 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'लाऊ विरुद्ध निकल्स' खटल्यात एकमताने मुलांच्या बाजूने निकाल दिला. त्याचं सार असं: सारखी पुस्तकं आणि सारखे शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असं नव्हे. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्या पदरी त्या वर्गातून काही पडत नाही.

पण मदत करायची तर कोणाला कुठे अडतंय, हे आधी कळायला हवं. 2001 च्या कायद्याने अशा मुलांचं ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं दरवर्षी तपासणं सर्व राज्यांना बंधनकारक केलं.

लेकीच्या निकालात पास-नापास नव्हतं. ऐकून समजतं, लिहिताना अडते, एवढंच होतं. त्यावरून तिच्या बाईंनी लिहिण्याचा वेगळा सराव घेतला. तिथेही सगळं आलबेल नाही. काही मुलं वर्षानुवर्षं त्याच यादीत अडकून पडतात. तरी परीक्षेचा उपयोग आधी शिकवणाऱ्याला व्हावा, हे मला तिथे उमगलं.

आपल्या बाईही एकेकाला उभं करून धडा वाचायला लावायच्या, अडलेल्या शब्दावर थांबायच्या. तीही चाचणीच होती. पण साठ जणांच्या वर्गात एका तासात त्या कितीजणांपर्यंत पोहोचणार?

तेव्हा राहिलेले आपले सोबती मेळाव्याला यायला आजही संकोचतात. त्यांची सुरुवातच वेगळ्या जागेवरून झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. यंदा त्यांना पत्रिका पाठवून थांबू नका. फोन करा, घरी जा, सोबत घेऊन या.