गावची जैवविविधता वाचवायची कुणी? भंडाऱ्यातल्या ग्रामपंचायतींकडे असलेले अधिकार, सोप्या भाषेत

भंडारा म्हटलं की पितळी भांडी, धान आणि तलाव या तीन गोष्टी आठवतात. जिल्ह्याची ओळखच मुळी 'तलावांचा जिल्हा' अशी आहे. याच तलावांत मासे आहेत, काठावर पाणपक्षी आहेत, पाळीवर जुनी झाडं आहेत आणि या सगळ्यावर जगणारी माणसंही आहेत.

पण एखाद्या तलावात बेशरम माजली, मासे कमी झाले, पाळीवरची झाडं तुटली, तर तक्रार कुणाकडे करायची? बहुतेकांचं उत्तर असतं, 'वन विभागाकडे.' प्रत्यक्षात जिल्ह्यातली बरीचशी जैवविविधता अभयारण्याच्या बाहेर आहे. ती गावच्या तलावात, बोडीत, धानाच्या बांध्यांत आणि गायरानात आहे. तिथे पहिली जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची असते. कायद्यानं त्यासाठी एक समितीही दिली आहे.

ही समिती नेमकी काय आहे?

संसदेनं २००२ मध्ये जैविक विविधता कायदा केला. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं आपल्या हद्दीत 'जैवविविधता व्यवस्थापन समिती' नेमणं बंधनकारक आहे. 'नेमता येईल' असं नाही, तर 'नेमलीच पाहिजे' असं कायदा सांगतो.

राष्ट्रीय पातळीवर चेन्नईतलं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्यात नागपूरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आणि सगळ्यात खाली गावची समिती, अशी ही रचना आहे. २००४ च्या केंद्रीय नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी तरतूद होती. त्यात किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत, असंही म्हटलं होतं. २०२३ च्या दुरुस्तीनं सदस्यांची संख्या ७ ते ११ केली.

समितीत कोण बसतं याला फार महत्त्व आहे. तलावातले मासे ढिवर बांधवांना माहीत असतात. कोणती पालेभाजी कुठल्या बांधावर येते हे गावातल्या महिलांना माहीत असतं. औषधी झाडांची माहिती वैदूकडे असते. ही माणसं समितीत नसतील तर समिती फक्त कागदावर राहते.

समितीचं काम काय?

मुख्य काम म्हणजे 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करणं. गावात कोणती झाडं, पिकांचे वाण, मासे, पक्षी, जनावरं आहेत, त्यांचा वापर कोण आणि कसा करतं, पूर्वी काय होतं आणि आता काय दिसेनासं झालंय, हे सगळं लोकांशी बोलून त्यात लिहायचं असतं.

कायदा आला, पण देशभर समित्या आणि नोंदवह्यांचं काम बरीच वर्षं रेंगाळलं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. लवादानं ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील, असं बजावलं. त्यानंतर आकडे झपाट्यानं वाढले. मात्र घाईत अनेक ठिकाणी नोंदवह्या एका साच्यात भरल्या गेल्या, अशी टीकाही झाली.

म्हणून आजचा खरा प्रश्न 'नोंदवही आहे का?' हा नाही. 'नोंदवही वापरली जाते का?' हा आहे.

भंडाऱ्याच्या तलावांची गोष्ट का महत्त्वाची?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. (गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं हे तलाव बांधण्यात मोठा वाटा उचलला. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. मध्य प्रांतात १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात.

मालकी बदलली, तशी देखभालीची जुनी पद्धतही मोडली. गाळ साचला, काठावर अतिक्रमणं झाली. बेशरम ही मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. जनावरं ती खात नाहीत म्हणून कुंपणाला लावली गेली आणि मग तलावांत पसरली. तलावाच्या तळाशी आणि काठावर वाढणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती कमी झाल्या. माशांना अंडी घालायला, पिल्लांना लपायला आणि पाणपक्ष्यांना खायला याच वनस्पती लागतात. त्या गेल्या की मासे कमी होतात आणि ढिवर कुटुंबांच्या चुलीवर त्याचा थेट परिणाम होतो.

इथे एक कायदेशीर मेखही आहे. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे मामा तलावांना त्या नियमांचं कवच आपोआप मिळत नाही. त्यामुळे गावच्या समितीची भूमिका आणखी महत्त्वाची ठरते.

मग तलाव सुधारता येतो का?

येतो, आणि त्याचं उदाहरण याच परिसरात आहे. मनीष राजनकर यांच्या पुढाकारानं 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' आणि 'फीड' या संस्थांनी ढिवर समाजासोबत भंडारा-गोंदियातल्या तलावांवर काम केलं. आधी लोकांकडून माहिती घेतली: कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्यानं राहतो, पूर्वी तलावात काय काय होतं. मग बेशरम काढली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामात ढिवर महिला आघाडीवर राहिल्या.

इथे कुठलंही महागडं तंत्रज्ञान वापरलेलं नाही. लोकांचं ज्ञान लिहून काढायचं आणि त्यावरून काम ठरवायचं, एवढंच. नोंदवहीकडून कायद्याची अपेक्षाही हीच आहे.

ग्रामपंचायत आजपासून काय करू शकते?

१. गाळ काढताना काठ सोडणं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांचा गाळ निघतो, तो शेताला उपयोगी पडतो. पण जेसीबीनं संपूर्ण तलाव एकसारखा खोल केला तर उथळ काठ नाहीसा होतो. पाणवनस्पती, माशांची पिल्लं आणि पाणपक्षी यांना हाच उथळ भाग लागतो. काही भाग उथळ ठेवायचा, हे काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत ठरवता येतं.

२. मासेमारी संस्थेशी बोलणं. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो. तलावात कोणतं बीज सोडायचं, पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालतात तेव्हा किती दिवस जाळं टाकायचं नाही, हे मच्छीमार सहकारी संस्था आणि समिती मिळून ठरवू शकतात. मरळ, शिंगी यांसारखे स्थानिक मासे टिकायचे असतील तर ही चर्चा टाळता येत नाही.

३. जुने वाण नोंदवणं. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण गावात इतर जुने धानही असतात. ते कुणाच्या घरी आहेत हे नोंदवहीत आलं, तर बियाण्याची देवाणघेवाण करता येते.

४. सारस आणि त्याच्या घरट्यांकडे लक्ष देणं. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यात उरला आहे. भंडाऱ्यात तर त्याची संख्या अगदी मोजकी आहे. तो धानाच्या बांध्यांत आणि पाणथळ जागी घरटं करतो. म्हणजे तो वाचणार की नाही, हे बरंचसं शेतकऱ्यांवर ठरतं. घरट्याजवळ फवारणी टाळणं, कुत्र्यांना दूर ठेवणं, माहिती वन विभागाला देणं यासाठी समिती शेतकऱ्याच्या पाठीशी उभी राहू शकते.

५. शुल्क आणि निधी. गावच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधनं गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते. कायद्याच्या कलम ४३ मध्ये 'स्थानिक जैवविविधता निधी'ची तरतूद आहे. तो पैसा संवर्धनासाठी आणि गावाच्या भल्यासाठी वापरायचा असतो.

६. वारसा स्थळ. एखादी जागा फारच मोलाची असेल तर राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून कलम ३७ नुसार तिला 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करू शकतं. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलाला २०१४ मध्ये हा दर्जा मिळाला.

शहरांचं काय?

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या नगरपरिषदा आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर इथल्या नगरपंचायतींनाही समिती बंधनकारक आहे. शिवाय शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' झाडांचा दर्जा आहे. त्यांची मोजणी आणि जपणूक ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. २०२० पासून सुरू असलेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात स्थानिक संस्थांना पर्यावरणाच्या कामासाठी गुण मिळतात. फक्त गुणांसाठी लावलेली आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली रोपं मात्र कुणाच्याच उपयोगाची नसतात.

समितीला काय जमणार नाही?

सगळंच गावाच्या हातात नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत, गोसेखुर्दच्या पाण्यात येतं. जलपर्णी त्यावरच पोसली जाते. काठावरची एखादी ग्रामपंचायत हे थांबवू शकत नाही. तिथे महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि राज्य सरकारच लागतं. मामा तलावांची मालकीही वाटलेली आहे: लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे. त्यामुळे समितीला एकटीनं निर्णय घेता येत नाही. पण लेखी ठराव करून या विभागांना उत्तर द्यायला भाग पाडता येतं.

तुम्ही काय करू शकता?

ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा. आपल्या गावची जैवविविधता समिती कोणाची आहे? तिची शेवटची बैठक कधी झाली? नोंदवही कुठे आहे? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

त्यानंतर येते ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा अनेकांना माहीत असतात. १ मेची ग्रामसभा तलावासाठी सगळ्यात सोयीची, कारण तेव्हा पाणी आटलेलं असतं, बेशरम काढता येते आणि पावसाळ्याआधी महिनाभर हातात असतो. विषयपत्रिकेत 'तलाव' हा एक विषय टाकायला सांगा. आणि त्या दिवशी गावातल्या जुन्या मासेमारांना बोलवायला विसरू नका. तलावात पूर्वी काय होतं, हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांचं म्हणणं वेळेत लिहून घेतलं नाही, तर नोंदवहीतली ती पानं नंतर कुणालाच भरता येणार नाहीत.