प्राइन, जॉन

प्राइन, जॉन : (१० ऑक्टोबर १९४६ – ७ एप्रिल २०२०). अमेरिकन लोकसंगीत आणि कंट्री संगीताच्या परंपरेतील गीतकार, संगीतकार व गायक. जन्म शिकागोजवळच्या मेवूड (इलिनॉय) येथे, कामगार कुटुंबात. आईवडील मूळचे पश्चिम केंटकीचे, त्यामुळे शहराच्या कडेला राहूनही घरात कंट्री गाणीच वाजत. थोरले भाऊ डेव्ह यांनी त्यांना गिटार शिकवली. पुढे शिकागोच्या ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’मध्येही ते शिकले. सैन्यात सक्तीची भरती झाली तेव्हा नेमणूक पश्चिम जर्मनीत मिळाली. परतल्यावर त्यांनी पोस्टमनची नोकरी धरली आणि टपाल वाटता वाटता मनातल्या मनात गाणी रचली.

‘शिकागो सन-टाइम्स’चे चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९७० मध्ये एका छोट्या क्लबात त्यांना ऐकले आणि चित्रपट बाजूला ठेवून या गाणाऱ्या पोस्टमनवर लेख लिहिला. मित्र व सहगायक स्टीव्ह गुडमन यांच्या आग्रहावरून गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसन यांनीही त्यांना ऐकले. त्यातून वाट उघडली आणि १९७१ मध्ये ‘जॉन प्राइन’ हा पहिला अल्बम निघाला.

पंचविशीच्या आतल्या तरुणाने ही गाणी लिहिली, याचे आजही नवल वाटते. ‘सॅम स्टोन’मध्ये युद्धावरून परतलेला, व्यसनात बुडालेला सैनिक आहे. त्या काळी युद्धविरोधी गाणी उदंड होती आणि त्यांतली बरीच सत्ताधाऱ्यांना जाब विचारत. प्राइन यांनी युद्ध थेट घरात आणले, त्या सैनिकाच्या बायकोमुलांसमोर. ‘हॅलो इन देअर’ हे एका म्हाताऱ्या जोडप्याचे गाणे. लहानपणी मित्राबरोबर वर्तमानपत्रे टाकायला ते वृद्धाश्रमात जात; तिथली काही माणसे हा आपलाच नातू आहे, अशा मायेने त्यांच्याशी बोलत. ‘एंजल फ्रॉम मॉन्टगॉमेरी’ तर संसारात कोमेजलेल्या स्त्रीने स्वतःच्या तोंडून सांगितलेले आहे. बॉनी रेट यांनी १९७४ मध्ये ते गायले आणि ते घरोघरी पोहोचले. या गाण्यांतली माणसे दयेचे विषय होत नाहीत. प्राइन त्यांच्या शेजारी बसून त्यांचे ऐकून घेतात.

‘पॅरडाइस’ हे गाणे त्यांनी वडिलांसाठी लिहिले. पॅरडाइस हे केंटकीच्या म्यूलनबर्ग काउंटीतले, ग्रीन नदीकाठचे गाव. त्या परिसरातली जमीन वरून सोलून कोळसा काढला गेला, गावालगत औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि १९६७ च्या सुमारास गावच पुसले गेले. गाण्यात मुलगा वडिलांना तिकडे घेऊन चला म्हणतो, आणि वडिलांपाशी त्यावर खेदाखेरीज काही उरलेले नसते. कोळसा कंपनीचे नाव त्यात स्पष्ट घेतलेले आहे. गाण्यात सांगितल्याप्रमाणे प्राइन यांची निम्मी रक्षा पुढे याच नदीत सोडण्यात आली.

त्यांची चाल सोपी, बोटांनी छेडलेल्या गिटारवर तोललेली, आवाज खरखरीत. दुःखाच्या गाण्यातही हसू मध्येच डोकावते आणि त्यामुळे ते दुःख अधिक खरे वाटते. शब्दांची काटकसर त्यांच्याइतकी फार थोड्यांना साधली.

मोठ्या कंपन्यांशी संबंध संपल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि अखेरपर्यंत आपल्या गाण्यांची मालकी आपल्याच हाती ठेवली. ‘द मिसिंग इयर्स’ (१९९१) आणि ‘फेअर अँड स्क्वेअर’ (२००५) या तिथल्याच अल्बमना ग्रॅमी पुरस्कार मिळाले. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावर उपचार झाले. आवाज खाली उतरला, पण माझ्या मते उतारवयातल्या गाण्यांना तोच अधिक शोभला. आयरिस डिमेंट आदी गायिकांबरोबरचा ‘इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ह्ज’ (१९९९) हा अल्बम त्यानंतरचा. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, तरी ते गात राहिले. ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ (२०१८) हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला; त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वोच्च क्रमांक.

नॅशव्हिल येथे कोविड-१९ च्या आजारात त्यांचे निधन झाले. ‘आय रिमेंबर एव्हरीथिंग’ या त्यांच्या शेवटच्या ध्वनिमुद्रित गाण्याला २०२१ मध्ये दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.