सहा आठवडे खाट

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर "चाला" म्हणतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण मंडळी, हा सल्ला बराच जुना आहे आणि मधल्या काळात तो पार हरवला होता.

लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी 1772 मध्ये छातीत दाटून येणाऱ्या एका दुखण्याचं वर्णन छापलं, त्याला 'अँजायना' हे नाव दिलं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1802 मध्ये निघालेल्या पुस्तकात एका रोग्याचा उल्लेख आहे. हा गृहस्थ रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. बस्स, एवढंच! ना नाव, ना गाव.

पुढे विसाव्या शतकात हृदयाबद्दलचं ज्ञान वाढलं, तशी भीतीही वाढली. अटॅकमध्ये मेलेला स्नायूचा भाग भरून यायला सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर हालचाल झाली तर तो फाटेल, असा हिशोब. म्हणून सहा आठवडे खाट. कूसही दुसऱ्याने वळवायची.

1965 साली आमच्या आप्पांना हेच सांगितलं गेलं. मी आठवीत होते. आप्पा रोज पहाटे नदीवर पोहायला जाणारे. सहा आठवड्यांनी उठवलं तेव्हा पोटऱ्या पार वाळल्या होत्या, ओसरीपर्यंत जायला दोघांचा खांदा लागला. (घरातल्या थोरांना आठवत असेल.) हृदय सावरलं, पण माणूस धास्तावला तो कायमचा. पुढे अकरा वर्षं जगले, नदीवर मात्र पुन्हा गेले नाहीत. डॉक्टरांना मी दोष देत नाही. सगळीकडे तेच चालू होतं.

पण तेरा वर्षं आधीच, 1952 मध्ये, बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी 81 रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. त्यांनी रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवलं. पाय खाली सोडले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याचा भार हलका होतो, हे लेव्हिन यांचं म्हणणं. शिवाय पडून राहिल्याने पायात होणाऱ्या आणि फुप्फुसात जाऊन अडकणाऱ्या गुठळ्यांचा धोकाही कमी. साधी खुर्ची हो! तिला बॉस्टनहून आमच्या ओसरीपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागावीत?

1966 मध्ये डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना 20 दिवस नुसतं झोपवून ठेवलं. त्यांची दमसास चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या 20 दिवसांपेक्षा कमी निघालं! हे वाचलं आणि आप्पांच्या पोटऱ्या डोळ्यांपुढे आल्या.

2019 मध्ये माझ्या धाकट्या भावाला अटॅक आला. दुसऱ्याच दिवशी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने त्याला खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालवलं. घरी सोडताना गोळ्यांच्या यादीखाली चालण्याचंही लिहून दिलं : आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं, छातीत दुखलं तर लगेच थांबायचं. आणि वेग? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. आमचे बंधू तसेही गात नाहीत, त्यामुळे अर्धी परीक्षा ते चालायच्या आधीच पास.